इथं नसणं

सोहार बंदराच्या मागे
कंटेनर कापून केलेली आमची प्रयोगशाळा.
एसी सतत खोकतो.
ओल्या कापसानं मी गंगय्याची टाळू पुसते,
मग बत्तीस ठिकाणी जेल, बत्तीस चकत्या, वायरींचा गुंता.
आरशात बघून तो म्हणतो, "मुंडावळ्याच बांधल्या की, मॅडम."
धर्माबादेचा माणूस,
चाळीस मीटर उंच काचेच्या खोपटात बसून
दिवसभर डबे उचलतो, ठेवतो.

संमतीपत्र अरबीत आणि इंग्रजीत.
मी मराठीत सांगितलं: केव्हाही 'नको' म्हणता येईल,
कारण द्यावं लागणार नाही.
तो हसला.
"नको म्हणून जाऊ कुठं?
व्हिसा कंपनीचा, खाट कंपनीची,
डोकं तेवढं मायनं दिलेलं."
आणि सही केली. गोल, शाळेतल्यासारखी.
ती सही फाइलीत आहे.
ते हसणं लिहायला रकाना नव्हता.

पडद्यावर खोटी क्रेन, खोटा डबा, खोटा समुद्र.
चौदाव्या मिनिटाला रेघ मंदावली,
ओहोटीला खाडीचं पाणी गाळात थबकतं तशी.
सात सेकंद.
यंत्रानं लाल खूण केली: लक्ष नाही.

टोपी काढताना त्यानं हळूच विचारलं,
"म्या काय इचार करालतो, ते दिसालंय का?"
नाही, म्हटलं. तू इथं नव्हतास, एवढंच दिसतं.
"मग बरंय."
केसांतलं जेल पुसत बसला बराच वेळ.
मग म्हणाला, "बरं कसलं?
कुठं गेल्तो ते दिसलं असतं
तर कुणी रागावलं नसतं."

गुरुवारी सेफ्टीचे साहेब आले.
त्यांना आकड्यांसमोर नावं हवीत.
त्यांचं म्हणणं खोटं नाही.
गेल्या रमजानात डबा कलंडला;
खाली उभा असलेला बलुची पोरगा, दोशंबे,
आता डाव्या हातानं चहा ओततो.
मी त्याच्याकडूनच चहा घेते. रोज.

डॉक्टर थुरैया बुरख्याची कड सारखी करत म्हणाल्या,
मन भटकलं, हे हे यंत्र सांगेल.
भटकणं हा गुन्हा की नाही
ते त्याला विचारू नका, त्याला ते माहीत नाही.
साहेब म्हणाले, मग कोणाला विचारू?
त्यावर त्याही गप्प झाल्या.
एसी खोकला.

नावांची यादी माझ्या वहीत आहे, देवनागरीत.
इथं ती वाचणारी मी एकटी,
असं मी धरून चालले होते.
कुलूप फारच कच्चं.

काल रात्री टोपी माझ्याच डोक्यावर चढवली.
चकत्या तपासायच्या होत्या, निमित्त खरं होतं.
नवव्या मिनिटाला
दाभोळची जेटी, फेरीबोटीचा भोंगा,
अब्बा दोर फेकतायत आणि दोर
खांबाला न लागता पाण्यात पडतोय,
ते पुन्हा ओढतायत, ओला, जड...
लाल खूण.
अकरा सेकंद.
गंगय्यापेक्षा चार जास्त,
आणि माझ्या हाताखाली
कुणाचा डबा नव्हता म्हणून मी निर्दोष.

ती नोंद पुसायला बोट गेलं होतं.
पुसली तर उद्यापासून मी
दुसऱ्यांच्याच नोंदी जपणारी.
तेविसावा क्रमांक दिला. वहीत लिहिलं: चोगले.
त्या अकरा सेकंदांत मी सोहारमध्ये नव्हते, हे खरं आहे.
मी कुठंच नव्हते, असं मात्र
कुणी म्हणू नये.

सकाळी आठला गंगय्या येईल.
त्याला आधी दोशंबेबद्दल सांगायचंय,
मग साहेबांबद्दल, मग वहीबद्दल.
मग पुन्हा विचारायचंय,
टोपी टेबलावर, पेन खिशात, दार उघडं ठेवून.
दार उघडलं की उकाडा आत येतो.
येऊ दे.